अकरा वर्षं जावा, आता तीन आठवड्यांत गो : काय शिकायचं, काय सोडायचं?

खाडीकाठ (गुहागर)

नमस्कार मंडळी. काम बॅकएंडचं, अकरा वर्षं जावा आणि स्प्रिंग, अधूनमधून पायथन. टीमच्या दोन सर्व्हिसेस आता गो भाषेत आहेत. तीन आठवड्यांनी मला त्यांत बदल करायचे आहेत, शिवाय इतरांच्या पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेले बदल) तपासायच्या आहेत. रोज दीड तास आणि रविवारी चार तास मिळतील, म्हणजे सगळे मिळून ३९ तास.

गोच्या अधिकृत साइटवरची 'टूर' दोन संध्याकाळींत झाली. टीमचा कोड उघडला की ओळ न् ओळ समजते, पण तो चांगला लिहिलाय की वाईट हे सांगता येत नाही. व्हिडिओ कोर्स सगळे 'व्हेरिएबल म्हणजे काय' इथून सुरू होतात, त्यांत वेळ घालवायचा नाही.

तर वाचायचं काय आणि किती? सरावाला काय लिहायचं? जावाचा हात कुठे कुठे चुकतो? आणि चौथं म्हणजे, इकडे पावसात लाईट गेली की मागोमाग टॉवरही जातो, दोन-तीन तास नेट नसतं. त्या वेळात काम अडू नये म्हणून आधी काय काय उतरवून ठेवू?

मिरकरवाडा

टूर झाली ना, आता तिच्याकडे परत जाऊ नका. लूप, टेस्ट, डेटाबेस, एचटीटीपी हे तुमच्या हातात आहेच. तुम्हाला शोधायच्या आहेत त्या जागा, जिथे गो जावासारखी दिसते पण तशी वागत नाही. एक वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे जावातली सवय, उजवीकडे गोमध्ये तिचं काय होतं. चाळीसेक नोंदी झाल्या की पुल रिक्वेस्ट तपासताना नजर आपोआप त्या जागांवर जाते.

सगळ्यात आधी टीमच्या रेपॉझिटरीतली 'गो.मॉड' फाइल उघडून गोची आवृत्ती बघा. १.२२ पासून (फेब्रुवारी २०२४) फॉर लूपचं व्हेरिएबल प्रत्येक फेरीला नवं असतं. त्याआधी सगळ्या फेऱ्यांत एकच असायचं, त्यामुळे लूपमध्ये सुरू केलेल्या गोरुटीन (गोचे हलके थ्रेड) बऱ्याचदा शेवटचीच किंमत वाचायच्या. यातलं कुठलं वागणं लागू होईल हे तुमच्या मशीनवरच्या कंपायलरवर नाही, त्या फाइलमधल्या आकड्यावर ठरतं. फाइल १.२० म्हणत असेल तर जुनी भीती अजून खरी आहे.

वाचायला भाषेचं स्पेसिफिकेशन घ्या. घाबरू नका, कीवर्ड फक्त २५ आहेत आणि दोन रविवारांत ते संपतं. टाइप्स, असाइनेबिलिटी, मेथड सेट, रेंज, डिफर आणि सिलेक्ट हे भाग पेन्सिल घेऊन वाचा, बाकीचे चाळा. 'इफेक्टिव्ह गो' जरूर वाचा, पण ते २००९ सालच्या पहिल्या प्रकाशनासाठी लिहिलेलं आहे आणि नंतर फारसं बदललेलं नाही. मॉड्यूल्स त्यात नाहीत, १.१८ मध्ये (मार्च २०२२) आलेले जेनेरिक्सही नाहीत.

सरावाला 'टू-डू लिस्ट' नको, तिच्यात काहीच अडत नाही. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो, त्याची नोंदवही लिहा. सीएसव्ही फाइलमध्ये सहा रकाने: नौका, यांत्रिक की बिगरयांत्रिक, मासळी, वजन, दर, वेळ. दोनशे ओळी हाताने तयार करा, त्यांतल्या दहा मुद्दाम बिघडवा. प्रोग्रॅमने नौकेनुसार आणि मासळीनुसार बेरजा काढायच्या, चुकलेल्या ओळी नंबरासकट वेगळ्या दाखवायच्या, मग तेच एचटीटीपीवरून द्यायचं. फ्रेमवर्क नको, डिपेंडन्सी इंजेक्शनचा कंटेनर नको. १.२२ पासून स्टँडर्ड लायब्ररीचा राउटर मेथड आणि पाथमधले बदलते भाग ओळखतो, तेवढा पुरतो.

वजन आणि पैसे फ्लोटमध्ये घेऊ नका. वजन ग्रॅममध्ये, दर किलोमागे पैशांत, दोन्ही ६४ बिट पूर्णांक. १२.३५ किलो सुरमई ६४० रुपयांनी म्हणजे १२३५० गुणिले ६४०००, भागिले १०००, आले ७,९०,४०० पैसे, म्हणजे ७,९०४ रुपये. हेच ५० किलोला करा, मधला गुणाकार ३२० कोटींवर जातो आणि ३२ बिटांत मावत नाही. गोमधला साधा 'इंट' ६४ बिट मशीनवर ६४ बिटांचा असतो, जुन्या ३२ बिट बोर्डावर ३२ बिटांचा. तुमच्या लॅपटॉपवर बरोबर येणारी बेरीज काट्याजवळच्या छोट्या डब्यावर चुकेल. म्हणून 'इंट६४' असं स्पष्ट लिहा. मग 'इंट' आणि 'इंट६४' कंपायलर आपोआप मिसळू देत नाही हेही हाताला कळेल.

आता खरी परीक्षा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. त्या काळातली यांत्रिक नौकेची नोंद आली तर प्रोग्रॅमने ती वेगळी काढायची. आता १ ऑगस्टला पहाटे दोन वाजताची नोंद घ्या. यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ती ३१ जुलै, रात्री साडेआठची होते. महिना जुलै दिसतो आणि बंदी मोडली असा शेरा बसतो, चूक नसताना. जावात तुम्ही 'लोकलडेट' वापरली असती. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत नुसत्या तारखेचा टाइप नाही. 'टाइम.पार्स'ला झोन दिला नाही तर तो यूटीसी धरतो. 'पार्स-इन-लोकेशन' वापरा आणि १ जून व १ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या एक सेकंद आधी-नंतरच्या चार टेस्ट लिहा. तारखेचा साचाही इथे निराळा आहे: वर्ष-महिना-दिवस अशी अक्षरं नाहीत, एक ठरलेला क्षण आहे, २ जानेवारी २००६, दुपारचे ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद. त्यातला एखादा आकडा चुकला तर कंपायलर काही बोलत नाही, तारीखच भलती छापली जाते.

हंगाम नारळी पौर्णिमेशी जोडायचा असेल तर ती तारीख कोडमध्ये कोरू नका. ती तिथीने येते, फाइलमधून वाचा.

हापूस_कंपायलर (देवगड)

मिरकरवाडा यांनी रस्ता सांगितलाय, मी खड्डे सांगतो. वहीच्या उजव्या बाजूला हे आधी उतरवा.

पहिला खड्डा सगळ्यात खोल आहे. समजा नोंद तपासणारं एक फंक्शन आहे. ते सुरुवातीला तुमच्या स्वतःच्या 'नोंदएरर' टाइपचा पॉइंटर निल (गोचा नल) ठेवतं, चूक सापडली तर भरतं आणि शेवटी तोच पॉइंटर 'एरर' म्हणून परत करतं. चूक नाही, पॉइंटर निल आहे, तरी बोलावणाऱ्याची 'एरर निल नाही' ही अट खरी ठरते. कारण इंटरफेसच्या पोटात दोन खण असतात, एकात टाइप आणि दुसऱ्यात किंमत. तुमचा निल पॉइंटर आत गेला तेव्हा किमतीचा खण रिकामा राहिला, पण टाइपच्या खणात 'नोंदएररचा पॉइंटर' बसला. दोन्ही खण रिकामे असतील तरच इंटरफेस निल. जावात नल म्हणजे नल, त्यामुळे ही चूक डोळ्याला दिसतच नाही. उपाय सोपा: फंक्शनच्या परतीचा टाइप 'एरर' ठेवा आणि यशाच्या वाटेवर 'रिटर्न निल' असं थेट लिहा, आपल्या टाइपचं व्हेरिएबल परत करू नका.

दुसरा, स्ट्रक्ट हे मूल्य आहे. नोंदींच्या स्लाइसवर रेंज फिरवून दर बदलला तर बदल प्रतीवर होतो, मूळ नोंद तशीच राहते. इंडेक्सने बदला.

तिसरा, स्लाइस म्हणजे ॲरेलिस्ट नव्हे. ती मागच्या ॲरेवरची खिडकी आहे: पॉइंटर, लांबी, क्षमता. दहा नोंदींतल्या पहिल्या तीन कापून घेतल्या आणि त्यांत एक अपेंड केली तर मूळ यादीतली चौथी नोंद पुसली जाते, कारण क्षमता शिल्लक होती. कापताना तिसरा आकडा देऊन क्षमता बांधा किंवा 'स्लाइसेस.क्लोन' करा. हा पुल रिक्वेस्टमध्ये शोधण्याचा खास मुद्दा आहे, छोट्या डेटावरच्या टेस्ट हिरव्या राहतात.

मॅप: निल मॅपमधून वाचलं तर चालतं, लिहिलं तर पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम कोसळतो. फिरण्याचा क्रम मुद्दाम अनिश्चित ठेवलेला आहे, बेरजा छापण्याआधी किल्ल्या सॉर्ट करा. नसलेली किल्ली विचारली तर शून्य मिळतं. 'दर शून्य' आणि 'दर नाही' यांतला फरक हवा असेल तर दोन किमती परत घेणारं रूप वापरा. दोन गोरुटीननी एकदम लिहिलं आणि रनटाइमच्या ते लक्षात आलं तर पूर्ण प्रोसेस पडते, पॅनिक थोपवणाऱ्या रिकव्हरनेही ती सावरत नाही.

जेएसओएन रिकामं आलं तर फील्डचं पहिलं अक्षर लहान आहे का बघा. मोठं अक्षर म्हणजे पॅकेजबाहेर दिसणारं, लहान म्हणजे खाजगी, आणि खाजगी फील्ड जेएसओएनच्या पॅकेजलाही दिसत नाहीत. चूक म्हणून काही येत नाही, फील्ड नुसती गायब.

आणि मराठी मजकूर. 'बांगडा' या शब्दाची लांबी जावात ६ येते. गोमध्ये 'लेन' १८ सांगतो, कारण तो बाइट मोजतो आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. रून (युनिकोड चिन्हं) मोजले तर ६: ब, काना, अनुस्वार, ग, ड, काना. डोळ्यांना मात्र अक्षरं तीनच, बां-ग-डा. पहिले १० बाइट कापले तर ग मधोमध तुटतो आणि पडद्यावर काळा चौकोन येतो. रुंदी देऊन छापलं तर रकानेही वाकडे होतात, कारण 'एफएमटी' (छपाईचं पॅकेज) रून मोजून मोकळी जागा भरतो, त्याच्या लेखी बांगडा सहा घरांचा आहे. सुटी चिन्हं हवीत तर रूनवर फिरा. दिसणारी अक्षरं हवीत तर ग्राफीम मोजणारी लायब्ररी लागते, स्टँडर्डमध्ये ती नाही.

रेडी_बंदर

नेट नसतानाचं सांगतो. गोमध्ये ही तयारी फार सोपी आहे, फक्त एक जागा फसवी आहे.

नेट असताना टीमच्या दोन्ही रेपॉझिटरींत 'गो मॉड व्हेंडर' चालवा. सगळ्या डिपेंडन्सी व्हेंडर फोल्डरमध्ये येतात आणि 'गो.मॉड'मध्ये १.१४ किंवा पुढची आवृत्ती असेल तर बिल्ड आपोआप तिथूनच उचलतो. टीम ते फोल्डर कमिट करत नसेल तर चुकून कमिटमध्ये जाऊ देऊ नका. स्टँडर्ड लायब्ररीचा सगळा सोर्स इन्स्टॉलेशनबरोबर येतो, त्यामुळे 'गो डॉक' आणि पॅकेजचं नाव टाकलं की माहिती टर्मिनलवर मिळते. स्पेसिफिकेशन हे एकच लांब पान आहे, ते ब्राउझरमधून जतन करा.

फसवी जागा अशी. १.२१ पासून 'गो.मॉड'मध्ये तुमच्यापेक्षा नवी आवृत्ती लिहिलेली दिसली की गो कमांड ती टूलचेन (कंपायलर आणि साधनं) स्वतः उतरवायला जाते. नेट नसेल तर बिल्ड तिथेच थांबतो आणि चूक नेटवर्कची दिसते. टीमची आवृत्ती आधीच इन्स्टॉल करून ठेवा आणि 'गोटूलचेन' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'लोकल' करा.

रेस डिटेक्टरला, म्हणजे गोरुटीनची एकाच मेमरीवरची टक्कर पकडणाऱ्या साधनाला, लिनक्स आणि विंडोजवर सी कंपायलर लागतो, तोही आत्ताच घाला. एडिटरसाठी 'गोप्ल्स', तपासणीसाठी 'स्टॅटिकचेक', डॉकर वापरत असाल तर बेस इमेज. सगळं झालं की नेट चालू असतानाच 'गोप्रॉक्सी' (पॅकेजं उतरवण्याची वाट ठरवणारं व्हेरिएबल) ऑफ करून पूर्ण बिल्ड आणि सगळ्या टेस्ट एकदा चालवा. जे अडेल ते आजच कळेल, लाईट गेल्यावर नाही.

खाडीकाठ

देव बरे करो! वही सुरू केली, बांगडा पहिल्याच पानावर. दोन शंका. टीमच्या कोडमध्ये दर तिसऱ्या ओळीला 'एरर निल नाही तर' आहे. हे कमी करायची काही रीत आहे का? आणि थ्रेड पूल कुठेच दिसत नाही, गोरुटीन मोकळ्या सोडलेल्या आहेत. रिव्ह्यूत यावर बोट ठेवावं का?

दाभोळ_धोपावे

एररच्या ओळी कमी करायच्या मागे लागू नका. त्यांत काय लिहिलंय ते बघा. नुसतंच 'रिटर्न एरर' असेल तर लॉगमध्ये 'फाइल सापडली नाही' एवढंच येईल, कुठली फाइल आणि कशासाठी ते नाही. हव्या त्या माहितीसकट 'पर्सेंट डब्ल्यू'ने (%w) गुंडाळा, म्हणजे वर 'एरर्स.इज' आणि 'एरर्स.ॲज' (१.१३ पासून) मूळ चूक ओळखू शकतात. 'पर्सेंट व्ही'ने गुंडाळली तर मजकूर तोच दिसतो पण साखळी तुटते, रिव्ह्यूत ही एक अक्षराची चूक हमखास निसटते. एकाच चुकीचं लॉगही करायचं आणि ती परतही करायची, असं दोन्ही नको, एकच घटना लॉगमध्ये चारदा दिसते. पॅनिक म्हणजे एक्सेप्शन नव्हे. तो प्रोग्रॅमच चुकलाय अशा वेळेसाठी.

गोरुटीनची सुरुवातीची स्टॅक २ केबीची असते, म्हणून पूल नसणं ही चूक नाही. तुम्ही बोट ठेवायचं ते या प्रश्नावर: ही गोरुटीन संपते कधी? नेहमीचा घोळ बघा. हँडलर दर आणायला गोरुटीन सोडतो, ती उत्तर बफर नसलेल्या चॅनेलवर (गोरुटीनमधल्या निरोपाच्या नळीवर) पाठवते, हँडलर सिलेक्टमध्ये दोन सेकंद थांबतो आणि वेळ संपली म्हणून निघून जातो. तिसऱ्या सेकंदाला उत्तर येतं, पण घेणारा कोणी उरलेला नसतो. गोरुटीन पाठवण्यावर कायमची अडकते आणि तिने धरलेली मेमरीही अडकते. दर अशा विनंतीला एक. सर्व्हिस पडत नाही, आठवडाभर फुगत जाते. चॅनेलला एकाचा बफर दिला तर पाठवणारी उत्तर ठेवून मोकळी होते, आणि कॉन्टेक्स्ट (काम रद्द झाल्याचा निरोप नेणारी वस्तू) आत नेला तर कामच मधे थांबवता येतं. दोन्ही करा.

ज्या कामाला मर्यादा हवी, म्हणजे डेटाबेस किंवा दुसऱ्याची सर्व्हिस, तिथे 'एररग्रुप' घेऊन 'सेटलिमिट'ने आकडा बांधा. एचटीटीपीच्या डीफॉल्ट क्लायंटला टाइमआउट नसतो, तो दिसला की रिव्ह्यूत थांबवा. चॅनेल बंद करायचं ते पाठवणाऱ्याने, घेणाऱ्याने नाही. टेस्ट '-रेस' लावून चालवा. मेमरी ५ ते १० पट आणि वेळ २ ते २० पट लागतो, म्हणून रोज पूर्ण नाही, बदललेल्या पॅकेजपुरत्या. आणि तो फक्त प्रत्यक्ष चाललेल्या वाटेवरचीच रेस पकडतो, हिरवं आलं म्हणजे रेस नाहीच असं नव्हे.

मिरकरवाडा यांच्याशी एका बाबतीत मतभेद. स्पेसिफिकेशन पहिल्या रविवारी नको. आधी नोंदवही अर्धी होऊ द्या, मग वाचा. हाताला ठेच लागलेली असली की तेच परिच्छेद लक्षात राहतात. शिवाय १२ तास तरी टीमच्या कोडसाठी ठेवा: एका सर्व्हिसचे शेवटचे वीस मर्ज झालेले पुल रिक्वेस्ट जुन्यापासून नव्याकडे वाचा, टिप्पण्या झाकून. स्वतःचा रिव्ह्यू वहीत लिहा, मग झाकण काढून ताडून बघा.

मिरकरवाडा

क्रम मान्य आहे. फक्त मेथड सेटचं पान आधी वाचा. पॉइंटरवर लिहिलेली मेथड असेल तर नुसतं मूल्य त्या इंटरफेसमध्ये बसत नाही, आणि कंपायलरचा तो संदेश पहिल्या दिवसापासून भेटतो.

रचनेबद्दल राहिलं होतं. कंट्रोलर, सर्व्हिस, मॉडेल अशी जावाची पॅकेजं पाडू नका. गोमध्ये दोन पॅकेजं एकमेकांना इम्पोर्ट करू लागली की बिल्डच होत नाही, आणि असे थर पाडले की ती गाठ हमखास पडते. 'लिलाव', 'नौका', 'हंगाम' अशी कामाप्रमाणे पाडा. इंटरफेस वापरणाऱ्याच्या पॅकेजमध्ये लिहा, एक-दोन मेथडींचा. प्रत्येक स्ट्रक्टमागे एक इंटरफेस ही सवय वहीच्या डाव्या बाजूलाच राहू दे.

एआय सहायक वापरत असाल तर पहिले दहा दिवस त्याच्याकडून कोड लिहून घेऊ नका, लिहिलेल्यावर टीका मागा. तो बरेचदा जुनी रीत देतो: १.१६ पासून बाद झालेलं 'आयओयूटिल', किंवा लूपमध्ये व्हेरिएबलची आता गरज नसलेली प्रत. ती जुनी की नवी हे ओळखायला आधी तुमची वही भरलेली हवी.

खाडीकाठ

नोंदवही उभी राहिली. ६४ बिट पूर्णांक, चारही मध्यरात्रीच्या टेस्ट लॅपटॉपवर हिरव्या. पण रिकाम्या बेस इमेजवरच्या कंटेनरमध्ये तोच प्रोग्रॅम सुरू होतानाच पडतो, 'एशिया/कोलकाता' नावाचा टाइम झोन माहीत नाही म्हणतो. शिवाय मोठ्या सीएसव्हीवर माझा ओळी मोजणारा भाग मधेच थांबतो, एररही दिसत नाही.

हापूस_कंपायलर (देवगड)

झोनची माहिती गो ऑपरेटिंग सिस्टिमच्या फायलींतून किंवा गोच्या इन्स्टॉलेशनमधून वाचतो. रिकाम्या इमेजमध्ये दोन्ही नाहीत. मेन पॅकेजमध्ये 'टाइम/टीझेडडेटा' अंडरस्कोर लावून इम्पोर्ट करा (१.१५ पासून आहे), बायनरी साधारण ४५० केबीने वाढेल आणि झोन आतच राहील.

ओळी मोजायला 'बुफिओ.स्कॅनर' वापरला असणार. त्याची एका ओळीची मर्यादा ६४ केबी आहे. त्याहून लांब ओळ आली की 'स्कॅन' फॉल्स देतो आणि लूप संपतो, फाइल संपल्यासारखा. लूपनंतर 'स्कॅनर.एर' (Err) विचारला तरच कारण कळतं. 'बफर' मेथडने मर्यादा वाढवा आणि ती लांब ओळ कुठली ते बघा. बहुधा एका नोंदीतलं अवतरणचिन्ह मिटवायचं राहिलंय आणि पुढच्या सगळ्या नोंदी तिच्यातच चिकटवून फाइल लिहिली गेलीय.